किलोमीटरला २९ रुपये

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. रात्री पावणेदोनच्या सुमारास अब्बांच्या छातीत दुखू लागले. मी त्यांना गाडीत बसवले आणि मीरा रोडहून बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात वीस-बावीस मिनिटांत पोहोचवले. वाटेत अम्मी दुआ म्हणत होती आणि मधूनच म्हणत होती, "बरं झालं बेटा, गाडी घेतलीस."

सकाळी डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी करावी लागेल, खर्च साधारण दोन लाख दहा हजार. अब्बांचा आरोग्य विमा नव्हता. माझ्या खात्यात ३८ हजार रुपये होते. खाली पार्किंगमध्ये नऊ लाख वीस हजारांना घेतलेली गाडी उभी होती आणि तिचे अजून तीन लाखांवर कर्ज शिल्लक होते. माझे वय तेहतीस, डिग्री इंजिनिअरिंगची, नोकरी सॉफ्टवेअरची, हातात पडणारा पगार ९२ हजार. शेवटी पैसे आले ते चिपळूणहून, मामूंकडून. मामूंनी उभ्या आयुष्यात एसटीने आणि मांडवी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून प्रवास केला आहे. फोनवर ते एवढेच म्हणाले, "हिशेब नंतर कर, आधी त्यांना बरं होऊ दे."

अब्बा बरे झाले, अल्हमदुलिल्लाह. मग मी हिशेब केला. मामूंचा तर केलाच, पण गाडीचाही केला. रोज दुसऱ्यांच्या कंपन्यांचे आकडे कोडमध्ये बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा असा हिशेब कधीच मांडला नव्हता, याची लाज वाटली. तो हिशेब आज तुमच्यासमोर ठेवतो, कारण माझ्यासारखे शिकलेले, पहिल्यांदाच बऱ्या पगाराला लागलेले अनेक मुस्लिम तरुण मी रोज पाहतो, आणि त्यांतल्या बहुतेकांची पहिली मोठी खरेदी गाडी हीच असते.

गाडी का घेतली?

करोना हे एक कारण होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती ठरावीक वेळांपुरती सर्वांना खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन डोस घेतलेल्यांना पास मिळू लागला. त्या दीड वर्षात मुंबईकराला पहिल्यांदा कळले की लोकल बंदही होऊ शकते. ऑफिसने परत बोलावले तेव्हा मी घाबरलो आणि जानेवारी २०२२ मध्ये गाडी बुक केली.

दुसरे कारण गर्दी. सकाळी आठच्या सुमारास मीरा रोडला विरारहून येणाऱ्या गाडीत चढून पाहा. अर्धा डबा वसई-नालासोपाऱ्यालाच भरलेला असतो, आणि दारातला माणूस तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या घरात शिरताय.

तिसरे कारण इज्जत. हे कोणी कबूल करत नाही, मी करतो. बहिणीसाठी स्थळे येत होती. दोन ठिकाणांहून खालांच्या मार्फत विचारणा झाली, "भाऊ इंजिनिअर आहे ना? गाडी नाही का घेतली अजून?" अब्बांनी आयुष्यभर रिक्षा चालवली. त्यांच्या मुलाच्या दारात स्वतःची गाडी उभी असावी, असे मलाही वाटत होते. त्यात काही पाप नाही. पण त्या वाटण्याची किंमत किती, हे मी विचारले नव्हते.

चौथ्या कारणाकडे नंतर येतो. ते माझ्या हातातले नव्हते.

तीन वर्षांचा हिशेब

ऑन-रोड किंमत ९ लाख २० हजार. त्यातले १ लाख ७० हजार मी भरले, साडेसात लाखांचे कर्ज घेतले, पाच वर्षे, ९ टक्के. हप्ता १५,५६९ रुपये. शोरूममधल्या मुलाने हप्ता सांगितला, मी पगारातून तो वजा केला, उरलेला आकडा मला पुरेसा वाटला. बस, एवढाच विचार केला होता.

जानेवारी २०२५ मध्ये, बरोबर ३६ महिन्यांनी, गाडी ५ लाख ६० हजारांना विकली. आता बघा:

किमतीत झालेली घट: ३ लाख ६० हजार.
तीन वर्षांत भरलेले व्याज: सुमारे १ लाख ५१ हजार.
पेट्रोल: महिन्याला हजार किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये लिटरला तेरा किलोमीटर, मुंबईत त्या काळातला बराचसा भाव १०६ रुपयांच्या आसपास. एकूण २ लाख ९५ हजार.
ऑफिसजवळचे पे अँड पार्क, सोसायटीचे पार्किंग आणि दहिसरचा टोल: १ लाख ६२ हजार.
सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, दोन वेळा निघालेला बंपर: ५४ हजार.
विम्याचे नूतनीकरण: ३० हजार.

बेरीज १० लाख ५२ हजार. म्हणजे महिन्याला २९ हजारांच्या थोडे वर. हातात येणाऱ्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. हप्ता हा खर्चाचा फक्त निम्मा भाग होता. उरलेला निम्मा थोडाथोडा जात होता, त्यामुळे दिसत नव्हता.

तीन वर्षांत गाडी ३६ हजार किलोमीटर चालली. भागाकार करा. किलोमीटरला २९ रुपये. त्याच काळात, ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५, मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर किलोमीटरला १८ रुपये ६६ पैसे होता आणि रिक्षाचा १५ रुपये ३३ पैसे. फेब्रुवारी २०२५ पासून ते २० रुपये ६६ पैसे आणि १७ रुपये १४ पैसे झाले. म्हणजे टॅक्सीवाला स्वतः गाडी चालवून, पार्किंगची चिंता स्वतः करून, मला जेवढ्यात नेतो, त्याच्या दीडपट पैसे देऊन मी स्वतःच ड्रायव्हर झालो होतो. अब्बांना हे सांगितले तर ते हसून म्हणाले, "मग माझ्याच रिक्षात बसायचं होतंस."

आता वेळ बघा. लोकांना वाटते गाडीने वेळ वाचतो. मीरा रोड ते अंधेरी पूर्व हे अंतर वीस-बावीस किलोमीटर. दहिसर नाका, मग बोरिवलीचा नॅशनल पार्क, मग कांदिवली, मालाड, गोरेगाव. सकाळी मला सव्वा ते दीड तास लागायचा, संध्याकाळी त्याहून जास्त. लोकलने आणि पुढे शेअर रिक्षाने दारापासून दारापर्यंत साधारण तासभर. गाडीत मी एसीत बसायचो हे खरे, पण त्या दीड तासात दोन्ही हात स्टिअरिंगवर असायचे. लोकलमध्ये निदान वाचता तरी येते.

आता मी लोकलचा फर्स्ट क्लासचा पास काढतो. कधी दहिसर पूर्वहून मेट्रो सात पकडून गुंदवलीला उतरतो आणि तिथून पुलावरून चालत जाऊन घाटकोपरकडे जाणारी मेट्रो एक पकडतो. स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षासकट महिन्याला सुमारे अडीच हजार रुपये लागतात. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन जायला टॅक्सी, त्याचे चार हजार धरा. एकूण साडेसहा हजार. फरक महिन्याला साडेबावीस हजार, वर्षाला पावणेतीन लाखांच्या जवळ. अब्बांच्या ऑपरेशनची रक्कम माझ्याकडे दहा महिन्यांत जमा झाली असती.

चौथे कारण

मी मीरा रोडला का राहतो? हौस म्हणून नाही. लग्नानंतर आम्ही अंधेरी पूर्वेला घर शोधत होतो. एका एजंटने चार फ्लॅट दाखवायचे ठरवले, मग फोनवर पूर्ण नाव विचारले, आणि चारही फ्लॅट त्याच संध्याकाळी "गेले". घाटकोपरला एका सोसायटीत मालक तयार होता, कमिटी नव्हती. मी अस्खलित मराठी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, पण नावापुढे भाषा चालली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तो व्हायलाच हवा होता. मला तेव्हा वाटले, आम्ही मराठीही आहोत आणि मुसलमानही, आम्हाला दोन्ही कारणांनी नकार मिळतो, मग गदारोळ मात्र एकाच कारणाने का व्हावा?

यावर कायद्याचा आधार कमकुवत आहे. घटनेचे कलम १५ मुख्यतः सरकारला बांधते, खाजगी घरमालकाला नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या झोरोस्ट्रियन हाऊसिंग सोसायटीच्या खटल्यात, सोसायटीने आपले सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडला सरकली ती भीतीने. आज सुशिक्षित मुले तिकडेच जातात ती अशा नकारांमुळे.

आता या नकाराला रुपयांत मोजू. अंधेरीला आम्ही बघत होतो त्या वन बीएचकेचे भाडे ३८ हजार होते, मीरा रोडला २० हजार. मला वाटले, महिन्याला १८ हजार वाचले. पण मीरा रोडचे भाडे अधिक गाडी म्हणजे ४९ हजार. अंधेरीचे भाडे, ऑफिसला जायचे हजारभर आणि सुट्टीच्या टॅक्सीचे चार हजार मिळून ४३ हजार. म्हणजे "महाग" घर सहा हजारांनी स्वस्त होते, आणि रोजचे अडीच तास वाचले असते ते वेगळेच. ज्या दाराने मला नाकारले त्याने माझ्यावर एक करच लावला. तो पावतीवर दिसत नाही. तो पेट्रोलमध्ये, पाठीच्या दुखण्यात आणि मुलगी झोपल्यावर घरी पोहोचण्यात दिसतो.

म्हणून घर शोधताना भाडे आणि प्रवास हे दोन आकडे कधीही वेगळे मांडू नका. एकत्र लिहा. आणि नकार मिळाला तर तोही लिहून ठेवा: तारीख, वेळ, एजंटचा मेसेज. एकट्याची तक्रार किस्सा ठरते. शंभर जणांच्या नोंदी पुढे ठेवल्या तर कायदा करणाऱ्यांना टाळता येत नाही.

भीतीचे काय?

गाडी विकायची म्हटल्यावर अम्मीने विरोध केला, आणि तिचे कारण पैशाचे नव्हते. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये गोळीबार झाला. रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले, आणि आरोपी त्याच दलाचा जवान. तो पकडला गेला आमच्या मीरा रोडजवळ. त्यानंतर कित्येक महिने अम्मी मी ऑफिसला पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय नाश्ता करत नव्हती. "गाडीत निदान तू एकटा असतोस," ती म्हणायची.

या भीतीला मी खोटे म्हणणार नाही. आणि गर्दीची भीतीही खरी आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. सर्वाधिक जोखीम तिथेच आहे: दारात, गर्दीत, रुळ ओलांडताना.

पण गाडीत एकटे बसून काय होते तेही पाहा. तीन वर्षे मी कोणाशी बोललो नाही. लोकलमध्ये परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका काकांनी सरकून चौथी सीट दिली. रमजानमध्ये इफ्तारची वेळ झाली तेव्हा समोरच्या माणसाने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. हे सगळ्यांच्या बाबतीत रोज होते असे नाही. कधी वाकडे बोलणेही कानावर येते. तरी या शहरात वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसे एकमेकांना रोज भेटतात अशी जागा लोकलसारखी दुसरी नाही. घरे वेगळी झालीच आहेत. डबासुद्धा आपणच सोडला तर भेटायचे कुठे?

पैसा कोणाच्या रस्त्यावर जातो

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोलीचा आणि वाशीचा मिळून, हलक्या वाहनांना टोल माफ झाला. कारला ४५ रुपये पडायचे ते वाचले. मी तेव्हा गाडीवाला होतो, मलाही आनंद झाला. नंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ ला, बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि एसी बसचे सहावरून बारा.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवा. गाडीत एकटा बसणाऱ्याचे ४५ रुपये माफ, आणि साठ जणांसोबत उभ्याने जाणाऱ्या बाईचे भाडे दुप्पट. मालवणीहून मालाड स्टेशनला येणारी, चार घरी कामाला जाणारी बाई दिवसाला दोन बस पकडते. तिचे महिन्याला तीनशे रुपये वाढले, आणि त्यावर चॅनेलवर चर्चा झाली नाही. टोलवर मात्र वर्षानुवर्षे आंदोलने झाली, कारण टोल देणाऱ्यांना आवाज आहे.

आपल्या समाजातला मोठा वर्ग बस आणि लोकलने जातो. कुर्ला, गोवंडी, जोगेश्वरी, मालवणी, मुंब्रा. यांच्यातून पहिली पिढी शिकून वर येते आणि पहिल्या पगाराबरोबर बसच्या रांगेतून बाहेर पडते. मग बसच्या रांगेसाठी अर्ज कोण लिहिणार? नगरसेवकाला कोण विचारणार की आमच्या मार्गावरच्या बस का कमी झाल्या? मेट्रो एक ८ जून २०१४ ला सुरू झाली, वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर. अंधेरी-घाटकोपर हा रस्त्याने तासाभराहून जास्तीचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांवर आला. पण आजही ती चार डब्यांचीच धावते आणि संध्याकाळी घाटकोपरला पाय ठेवायला जागा नसते. डबे वाढवा ही मागणी रेटायला शिकलेली, इंग्रजी-मराठीत पत्र लिहू शकणारी माणसे लागतात. ती माणसे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर हॉर्न वाजवत बसली आहेत. मीही त्यांतलाच एक होतो.

व्याजाबद्दल

आपल्याकडे हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. व्याजाचा मजहबी निकाल देणे हे माझे काम नाही. मी फक्त दोन गोष्टी सांगतो.

पहिली: ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या वस्तूची किंमत रोज घटते तिच्यासाठी कर्जच न घेणे. गंमत अशी की मी अनेक घरे पाहिली जिथे बचत खात्याचे तीनशे रुपये व्याज वेगळे काढून ठेवतात आणि गाडीच्या कर्जाचे दीड लाख निमूट भरतात.

दुसरी: जे कर्ज घेणारच आहेत, त्यांनी दर नीट वाचावा. "फ्लॅट ९ टक्के" आणि "घटत्या शिलकीवर ९ टक्के" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साडेसात लाख, पाच वर्षे: घटत्या शिलकीवर हप्ता १५,५६९, फ्लॅटने १८,१२५. फ्लॅट ९ टक्के म्हणजे प्रत्यक्षात साडेपंधरा टक्क्यांहून जास्त. बाईकच्या कर्जात हे विशेष चालते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा. "नंतर ईमेल करतो" म्हणाले तर उठून या.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्या कर्जासाठी नकारात्मक विभाग ठरवल्या होत्या. अब्बांनी नवीन रिक्षासाठी कर्ज मागितले तेव्हा त्यांना चार चकरा मारून नकार मिळाला होता. त्या रिक्षाने घर चालले असते. मला मात्र गाडीचे कर्ज फोनवर, दहा मिनिटांत मंजूर झाले. कमावून देणाऱ्या वस्तूसाठी बापाला नकार आणि खाऊन टाकणाऱ्या वस्तूसाठी मुलाला पायघड्या. त्या पायघड्यांना मी प्रगती समजलो होतो.

वाचलेला पैसा कुठे ठेवायचा, यातही सावध राहा. "हलाल" या शब्दावर आपले लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची कमाई गेली. दरमहा ठरावीक मोठा नफा देण्याचे वचन कोणीही दिले, दाढी असो वा टाय, तिथे थांबा. सेबीच्या नियमनाखाली शरिया निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड आणि ईटीएफ देशात आहेत. ज्यांना तो मार्ग हवा त्यांनी तो वाचून-समजून घ्यावा. पण त्याच्याही आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. माझ्या टीममधल्या एकाची नोकरी २०२३ मध्ये गेली. त्याला पगार मिळणे थांबले, हप्ता थांबला नाही.

मग गाडी घ्यायचीच नाही का?

असे मी म्हणत नाही. माझी आपा मुलुंडला राहते. तिच्या सासऱ्यांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते, ते जिना उतरून रिक्षा शोधत उभे राहू शकत नाहीत. त्यांनी सहा वर्षे जुनी सीएनजी गाडी रोख पैशाने घेतली. ती खरेदी मला शंभर टक्के योग्य वाटते. ज्याची रात्रपाळी आहे, ज्याचा धंदा गाडीवर चालतो, ज्याच्या घरी अपंग व्यक्ती आहे, त्याच्यासाठी गाडी गरजच आहे. आणि त्या रात्री मीही अब्बांना गाडीतूनच नेले, हे विसरलेलो नाही. मात्र त्या रात्रीसाठी टॅक्सीला पाचशे रुपये लागले असते आणि सकाळी दोन लाख दहा हजार. कोणत्या आकड्याची तयारी आधी करायला हवी होती, हे आता मला स्पष्ट दिसते.

घ्यायचीच असेल तर एक चाचणी करा. जो हप्ता ठरला आहे त्याच्या दुप्पट रक्कम सहा महिने दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि हात लावू नका. तीस हजार असेल तर तीस. तिसऱ्याच महिन्यात हात लावावा लागला, तर उत्तर मिळाले. सहा महिने निभावले, तर एक लाख ऐंशी हजार जमले. मग गाडी घ्या, कर्ज तेवढे कमी होईल. किंवा त्या पैशाकडे बघून तुमचे मन बदलेल. माझ्या ओळखीच्या तिघांना मी ही चाचणी सुचवली. एकाने गाडी घेतली, दोघांनी नाही, आणि तिघेही समाधानी आहेत.

गाडी विकली त्या दिवशी कर्ज फेडून हातात २ लाख १९ हजार उरले. त्यातून मामूंचे पैसे दिले. मामू घ्यायला तयार नव्हते, अम्मीने ओरडून दिले. त्यानंतरच्या महिन्यांत घरच्यांचा आरोग्य विमा काढला, बायकोची बी.एड.ची फी भरली. बहिणीचे लग्नही ठरले. मुलाकडच्यांनी गाडीबद्दल विचारले नाही. मुलगा अंधेरीला बँकेत आहे, बोरिवलीहून लोकलने जातो. बैठकीत त्याने मला विचारले, "तुम्ही कुठली पकडता?" मी म्हणालो, "आठ बावीसची." तो म्हणाला, "तिला बोरिवलीला मी रोज बघतो. चढायची हिंमत होत नाही."